फर्निचरच्या फटीत कापूस कोंबून इन्स्टंट गम? नका करू भो असलं काही

तो मेसेज तुमच्याकडेही आलाच असेल. "सुताराला पैसे देऊ नका, टीव्ही युनिटचं वरचं पापुद्रं सुटलं तर पाच मिनिटात घरीच नवं करा" आणि खाली पाच उपाय. ओलं फडकं टाकून कडक इस्त्री फिरवा, फुगलेला भाग गरम पाण्याने भिजवून वर वरवंटा ठेवा, फटीत कापूस कोंबून त्यावर इन्स्टंट गम सोडा, डाग दिसला तर बूटपॉलिश, आणि शेवटी खोबरेल तेल म्हणजे जन्मात परत सुटणार नाही. असले मेसेज मी एरवी न वाचताच डिलीट करतो, पण हा अमळनेरच्या मावशीपर्यंत पोचला, तिने तिसरा उपाय केला आणि मग मला फोन, "बोट भाजाई गयं रे बापू, कसं करानं आते?"

म्हणून तिसऱ्यापासूनच सुरू करतो, बाकीचं नंतर.

इन्स्टंट गम म्हणजे सायनोअॅक्रिलेट. तो वाळत नाही, हवेतली आणि वस्तूवरची ओल लागली की जागेवर घट्ट होतो आणि घट्ट होताना उष्णता सोडतो. लाकडावर एक थेंब टाकला तर ती उष्णता जाणवत पण नाही. कापसाचं तसं नाही, कापसात बारीक तंतू असतात, प्रत्येक तंतूवर थोडी ओल असते, त्यामुळे सगळा गम एकाच वेळी पसरून एकाच वेळी घट्ट होतो आणि सगळी उष्णता एकदम बाहेर पडते. कापूस तापतो, त्यातून पांढरा धूर निघतो, डोळे चुरचुरतात आणि बोट मध्ये असेल तर भाजतं, वर गम चिकटलेला असल्याने झटकताही येत नाही. हे मी मनाचं सांगत नाहीये, सुती कपड्यावर सुपरग्लू सांडून लहान मुलांची कातडी खोलवर भाजल्याच्या केसेस डॉक्टर लोकांच्या जर्नल्समध्ये छापून आलेल्या आहेत. असे गम बनवणाऱ्या कंपन्यांच्या सेफ्टी शीटमध्ये पण कापूस आणि कपड्यापासून लांब ठेवा असं लिहिलेलं असतं. ते कोण वाचतं म्हणा.

आणि हा उपाय पाठवायचा कुठे, तर खान्देशात, जिथे वेचणी झाली की भाव वाढेल म्हणून अर्ध्या खेड्यांतली घरं कापसाने भरलेली असतात, झोपायला जागा नसते. मेसेजमध्ये "घरातलाच कापूस घ्या" लिहिलंय. घ्या, आणि तिथेच ढिगाशेजारी बसून गम सोडा! ज्याने लिहिलं त्याने स्वतः एकदा तरी करून पाहिलं असतं तर दुसऱ्या ओळीपर्यंत पोचला नसता.

बोट भाजलंच तर चिकटलेला कापूस ओढायचा नाही. बोट वाहत्या साध्या पाण्याखाली 20 मिनिटं धरायचं आणि डॉक्टरला दाखवायचं. मावशीचं फोडावर निभावलं.

अर्धं खरं त्यात आहे, ते नाकारत नाही. इन्स्टंट गम आणि कापसाऐवजी खायचा सोडा मिळून कडक होतो, कोपऱ्याचा नखाएवढा टवका भरायला लोक वापरतात आणि जमतं पण. पण तो थर काचेसारखा ठिसूळ होतो, हातभर लांब सुटलेल्या पापुद्र्याला तो काय धरणार, दार दोनदा आपटलं की टक्कन सुटतो.

आता इस्त्री. हाही उपाय खोटा नाही, फक्त कशावर फिरवायची ते मेसेजमध्ये नाही आणि सगळी मेख तिथेच आहे. आपण ज्याला सरसकट सनमायका म्हणतो ते स्वस्तातल्या, खोक्यातून येणाऱ्या आणि स्क्रूने जोडायच्या फर्निचरवर बहुतेक वेळा सनमायका नसतंच आणि लाकूडही नसतं, लाकडाची डिझाईन छापलेला कागद नाहीतर पीव्हीसीची फिल्म असते. खरं व्हिनियर म्हणजे लाकडाचीच कागदासारखी पातळ साल, तिची कड नखाने उचकटली की रेषा आरपार दिसतात आणि तंतू निघतो. अशा व्हिनियरखाली पांढरा फेविकॉल असेल तर तो उष्णतेने मऊ होतो, म्हणून कोरडं सुती फडकं टाकून मध्यम इस्त्री फिरवायची, लगेच सपाट फळी दाबून गार होऊ द्यायची, बऱ्याचदा परत धरतं. पण पीव्हीसी साधारण 80 अंशाच्या आसपासच मऊ पडतं आणि इस्त्रीच्या बटणावरचे तीन टिंब म्हणजे सगळ्यात कडक, 200 अंशाच्या घरात. फिल्म आकसते, करपते, आणि जो वास येतो तो घशाला लागतो. छापील कागदावर फुगे येतात. त्यात वर ओलं फडकं, म्हणजे वाफ सरळ बोर्डात!

बोर्ड म्हणजे लाकडाचा भुगा आणि चुरा, तो स्वस्तात बहुतेक युरिया फॉर्मल्डिहाइडच्या चिकाने दाबून केलेला असतो. भारतीय मानक आयएस 3087 ज्या पार्टिकल बोर्डासाठी आहे त्याची एक परीक्षाच ही आहे की तुकडा पाण्यात बुडवून ठेवायचा आणि जाडी किती फुगली ते मोजायचं. म्हणजे फुगणार हे बनवणाऱ्यालाही माहीत असतं, किती चालेल एवढाच प्रश्न. पाणी शिरलं की दाबलेला चुरा उसळतो, चीक सुटतो, आणि भिजलेला पापड वाळवला म्हणून कोरा होत नाही तसंच हे. गरम पाणी आणि वरवंट्याचा उपाय हा त्यातला सगळ्यात आचरट, फुगलेल्यालाच अजून पाणी पाजायचं!

फुगलं ते बसत नाही. वाळू द्यायचं, भुगा झालेला भाग पटाशीने काढायचा, लांबी म्हणजे पुट्टी भरायची, पॉलिश पेपर मारायचा, वरून नवीन सनमायकाची पट्टी. जास्त फुगलं असेल तर ती फळीच बदलायची, मापाची प्रीलॅम (वरचा थर आधीच चिकटवलेली) फळी कापून देणारे जळगाव धुळ्याला दुकानोदुकानी आहेत.

फुगलेलं नाही, फक्त सुटलंय, तर काम सोपं आहे. आतला जुना गम आणि भुगा खरवडून काढा. व्हिनियर किंवा कागद असेल तर फेविकॉल सिरिंजने आत सोडा, बाहेर आलेला लगेच ओल्या फडक्याने पुसा, वर बटर पेपर आणि सपाट फळी ठेवून शिकंजा लावा, नाहीतर वजन ठेवा आणि 24 तास हात लावू नका. पाच मिनिटात काही होत नाही. सनमायका किंवा कडेची पीव्हीसी पट्टी असेल तर रबरवाला गम, दोन्ही बाजूला पातळ लावायचा, बोटाला चिकटेनासा झाला की मगच दाबायचा, कारण एकदा टेकला की सरकवता येत नाही. त्या गमचा वास घरात कोंडतो आणि तो पेट घेतो, त्यामुळे खिडकी उघडी आणि गॅस, उदबत्ती, देवाचा दिवा सगळं बंद.

बूटपॉलिश लावा हो, दिसायला बरं दिसतं, आठ दिवस भिंतीला आणि शर्टाला लागतं एवढंच. तेल मात्र अजिबात नको, तेल फटीत गेलं की नंतर त्या जागी कुठलाच गम धरत नाही आणि तेव्हा सुतारही हात वर करतो.

मावशीकडे सुटायचं खरं कारण मेसेजमध्ये कुठेच नव्हतं. मे महिन्यात बाहेर 45 च्या वर, बोर्ड कोरडा ठणठणीत, आणि युनिटला चिकटून खिडकीतला कूलर, रात्रभर ओली हवा त्याच एका बाजूवर आणि पंपाचं पाणी खाली ठिबकतंय. वर रोज फरशी पुसताना खालच्या कडेला पाणी. दाराचं सुटलेलं पापुद्रं फेविकॉलने परत बसवलं, खालची फळी बदलावी लागली, आणि युनिट आता कूलरपासून दुसऱ्या भिंतीला, खाली रबराच्या गुट्ट्यांवर उचलून ठेवलंय.