फायरवॉल बंद करून वायफाय टिकत नाही, तो मेसेज पुढे पाठवू नका

काल बाबांच्या लॅपटॉपवर बघितलं तर फायरवॉल बंद. का, तर "वायफाय सारखं जातंय? हे ४ उपाय करा, १०० टक्के गॅरंटी" हा मेसेज त्यांना तीन ग्रुपवरून आला होता आणि त्यातलं जमेल तेवढं त्यांनी इमानेइतबारे करून टाकलं होतं. वायफाय जायचं ते जातच होतं.

पहिला उपाय हाच, फायरवॉल बंद करा, आणि माझा सगळा राग याच्यावर आहे. अहो, वायफाय तुटतं म्हणजे लॅपटॉपमधलं कार्ड आणि राउटर यांच्यातला रेडिओचा दुवाच तुटतो, तिथे फायरवॉलचा संबंध येतो कुठे? तिचं काम जोडणी झाल्यावर सुरू होतं, न बोलावता बाहेरून कोण आत शिरायला बघतंय त्याला अडवायचं. ती बंद केलीत की त्याच नेटवर्कवरच्या कुठल्याही मशीनला तुमच्या लॅपटॉपचं दार ठोठवायला मोकळं रान. आणि बाबा तोच लॅपटॉप घेऊन बाहेरच्या फुकट वायफायवर बसतात!

दुसरा, विंडोज २० टक्के स्पीड स्वतःसाठी राखून ठेवतं, ते शून्य करा. ही अफवा विंडोज एक्सपीच्या काळातली आहे आणि मायक्रोसॉफ्टने तेव्हाच सपोर्ट लेख क्रमांक ३१६६६६ मध्ये स्पष्ट लिहिलं होतं की हे चूक आहे, एखाद्या प्रोग्रॅमने खास प्राधान्य मागितलं नसेल तर सगळीच्या सगळी बँडविड्थ सगळ्यांना मोकळी असते. आणि स्पीड कमी मिळणं वेगळं, वायफाय तुटणं वेगळं, एवढं तरी बघा.

तिसरा, राउटरच्या अँटेनाला फॉइल गुंडाळा. धातूने सिग्नल अडतो, विषय संपला.

चौथ्यात तथ्य आहे, मानायला जिवावर येतंय पण आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटचा टॅब असेल तर तिथे वीज वाचवायला अडॅप्टर बंद करू देणारी एक टिक असते, ती काढल्यावर काही लॅपटॉपवर खरंच फरक पडतो.

बाबांच्या बाबतीत तेही नव्हतं. ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'netsh wlan show wlanreport' ही कमांड दिली, विंडोज १० पासून ती आहे, गेल्या ३ दिवसांत वायफाय केव्हा केव्हा तुटलं ते त्यात दिसतं. बघतो तर सगळ्या वेळा रात्री नऊ-साडेनऊच्या. त्या वेळी ते फोटोंचा बॅकअप घेतात, हार्डडिस्क निळ्या यूएसबी ३ पोर्टात. आणि यूएसबी ३ चा रेडिओ गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे वायफायच्याच एका पट्ट्यात येतो, इंटेलने २०१२ मध्ये यावर अख्खा पेपर काढलाय.

आधी फायरवॉल चालू केली, मग लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर जोडला आणि हार्डडिस्क लांब वायरने बाजूला सरकवली. रात्री अख्खा बॅकअप झाला, वायफाय एकदाही गेलं नाही.