खाली नाव कुणाचं?

गुरुजी, सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरजवळच्या चिखली गावातल्या ओव्यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. दोन ओळींत उत्तर देणं बरं वाटेना, म्हणून सविस्तर लिहिते. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: महापुरात घरं गेलेल्या बायकांपुढं वह्या आणि रंगपेट्या घेऊन जाणं ही शहरातल्या सुखवस्तू बायकांची हौस आहे. त्यांच्या ओव्या घेऊन पुस्तिका आमच्या निघतात, सत्कारही आमचेच होतात. लेखिकांनी गावोगाव हिंडण्यापेक्षा घरी बसून चार ओळी बऱ्या लिहाव्यात. आणि शेवटी, ‘माझी आई पहाटे जात्यावर ओव्या म्हणायची. तिला कुठल्या मंडळाची गरज पडली नाही.’

यातलं दुसरं खरं आहे. ते आधी कबूल करते, कारण त्याची टोचणी मला तुमच्या प्रतिक्रियेच्या आधीपासून आहे.

आमच्या लेखिका-चित्रकर्तींच्या मंडळानं २०२१ च्या दिवाळीत ओव्यांची एक लहानशी पुस्तिका छापली. मुखपृष्ठावर आमच्यातल्या दोघींची नावं, शब्दांकन म्हणून. प्रत्येक ओवीखाली एकच शब्द, ‘पारंपरिक’. प्रती घेऊन हौसेनं गावात गेलो आणि एका काकूंना त्यांची ओवी वाचून दाखवली:

पंचगंगा आली बाई, चुलीम्होरं बसली
पावनी म्हणावं तर, भांडीकुंडी नेली

काकूंनी ऐकलं, हसल्या, आणि विचारलं, ‘ही माझीच हाय की. मग खाली नाव कुणाचं घातलंय?’

आमच्यापैकी कुणाला उत्तर देता आलं नाही. ती ओवी त्यांनी निवारा केंद्रातल्या शाळेच्या वर्गात, झोप येत नव्हती त्या रात्री जुळवली होती. परंपरेनं नव्हे. बाई समोर बसलेली, आणि आम्ही तिच्या हातात तिचीच ओवी बिननावाची ठेवलेली. हेमा राइरकर आणि गी पॉइतवाँ या संशोधकांनी महाराष्ट्रभरातून लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या गाणाऱ्या बाईच्या आणि तिच्या गावाच्या नावासकट. इतकं चांगलं उदाहरण घरात असताना आम्ही ते बघितलं नाही, याचं वाईट वाटतं.

उरलेल्या प्रतींत आम्ही ओवीखाली हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवल्या. आता एक जाड रजिस्टर आहे. त्यात बाईचं नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव, ओवी कुणाकडून आली हे लिहितो: आईकडून, सासूकडून, की स्वतः जुळवलेली. छापायच्या आधी वाचून दाखवतो, नको म्हणाल्या तर छापत नाही. एका बाईंनी त्यांची सगळ्यात सुंदर ओवी परत मागितली, कारण तिच्यात वाटणीवरून भावाला बोल लावलेला होता आणि तो अजून बोलत नव्हता. दिली परत. मला अजून पाठ आहे, पण इथं लिहिणार नाही. सत्काराचं तुम्ही लिहिलंत तेही बरोबर. त्या कार्यक्रमात व्यासपीठावरच्या खुर्च्यांवर आम्ही होतो आणि गाणाऱ्या बायका मागच्या रांगेत. तो फोटो पाहून तुम्हाला राग आला असेल तर तो योग्य आहे.

हे फक्त ओव्यांचंच नाही. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा आपलं अख्खं शहर पेटलं. मीही चिडले होते. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली चप्पल, आणि तिचं नाव गाळायचं म्हणजे काय! त्याच आठवड्यात सुभाषनगरात चपलेची वेणी घालणाऱ्या एका वहिनींजवळ बसले होते. त्या मान वर न करता म्हणाल्या, ‘कोल्हापूरचं नाव घेतलं न्हाई म्हणून तुमास्नी राग आला. आमचं नाव दुकानात तरी कुठं कोण घेतंय?’ बोटं चालूच होती. काकूंचा प्रश्न आणि हा प्रश्न मला एकच वाटतो, आणि आम्ही घराबाहेर पडतो ते याच प्रश्नासाठी.

आता तुमचा पहिला मुद्दा. इथं मात्र मी तुमच्याशी सहमत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये आम्ही वह्या घेऊन गेलो नव्हतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फुटांची, आणि पाणी पन्नासच्याही वर गेलेलं. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली, चिखली-आंबेवाडीची माणसं होड्यांतून बाहेर काढलेली. त्या दिवसांत सगळं कोल्हापूर जे करत होतं तेच आम्ही केलं. भाकऱ्या थापल्या, चादरी गोळा केल्या, आणि मागायला बायका लाजत होत्या ती सॅनिटरी पॅड्स नेऊन दिली. पाणी उतरल्यावर गाळ काढायला गेलो.

एका घरात भिंतीला नुसता खिळा होता. तिथं त्या बाईंच्या आईचा फोटो होता, एकुलता एक. मी सवयीनं विचारलं, काय काय लागेल? त्या म्हणाल्या, ‘भांडी कुणीबी देतंय वो. आईचं तोंड कुठनं आणू?’

आमच्यातली एक चित्रकार आहे, मुलांच्या शिकवण्या घेते. आठवड्यानं ती कागद आणि कोळसा घेऊन त्या घरी गेली. फोटो नाही, काही नाही, नुसतं ऐकून चित्र काढायचं. ‘नाक असं न्हवतं, जरा बसकं.’ ‘कुंकू मोठं, गोल.’ शेजारच्या आजी उंबऱ्यात बसून दुरुस्त करायच्या, ‘हसताना डावा डोळा बारीक व्हायचा की गं तिचा.’ पहिलं चित्र फसलं. दुसरं बाईंना आवडलं, आजींना नाही. तिसऱ्या खेपेला दोघी एकदम गप्प झाल्या. बाईंचे भाऊ दुसऱ्या गावाहून आले होते. दारात चप्पल काढून आत आले, चित्र बघितलं आणि काही न बोलता त्याच्यासमोर मांडी घालून बसले. त्यानंतर आणखी पाच-सहा घरांतून बोलावणं आलं. गुरुजी, त्या गावात रंगपेटी गेली ती अशी, त्यांनी मागितली म्हणून गेली. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांचं शहर म्हणून आपण कोल्हापूरला कलापूर म्हणतो. मग शिवाजी पूल ओलांडून थोडं पुढं गेलं की चित्र ही हौस कशी ठरते?

भाकरी आधी, हे मान्यच. पण भाकरी मिळाल्यावर त्या बाईला आणखी काही नको असेल, हे तिच्या वतीनं आपण ठरवायचं नाही.

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोर शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. तुम्ही शिक्षक, तुम्हाला हे मी काय सांगावं. पण त्याच भागातल्या आमच्या रजिस्टरात सत्तरीच्या कितीतरी जणींनी नावापुढं अंगठा उठवला आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, आणि यातल्या एकीनंही त्याची पायरी चढलेली नव्हती. मागच्या वर्षी आठजणींना घेऊन गेलो. त्यातली एक पुस्तकांच्या कपाटाला हात लावून नुसती उभी राहिली होती.

घरी बसून लिहिण्याबद्दल एवढंच सांगते की मी लिहितेच, रोज लिहिते. पण वेळेची अक्कल मला बाहेरच आली. सुरुवातीला आम्ही दुपारी चारला जायचो आणि बायका येत नाहीत म्हणून कुरकुरायचो. त्या रानात भांगलत असायच्या. आता जेवणं उरकल्यावर साडेआठला बसतो आणि रिक्षा करून परततो. घरच्यांना ते आवडत नाही, तरी जातो.

तुमच्या आईंना मंडळाची गरज पडली नाही, हे खरं असेल. बहिणाबाई चौधरींनाही पडली नव्हती. पण सोपानदेवांसारखा मुलगा घरात होता, त्यांच्या ओळी कागदावर उतरल्या होत्या, म्हणून त्या गेल्यावर १९५२ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. चिखलीतल्या काकूंचा मुलगा दिवसभर एमआयडीसीत असतो आणि रात्री दमून येतो. म्हणून वही घेऊन आम्ही बसतो.

तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. आई पहाटे उठायच्या, जातं माजघरात होतं, तुम्ही त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकायचात, हे सगळं तुम्ही लिहिलंत. त्यांचं नाव लिहिलं नाहीत. तेवढं कळवा, आणि माहेरचं गावही. एखादी ओवी आठवत असेल तर तीही पाठवा, अर्धवट असली तरी चालेल. रजिस्टरात पान मोकळं ठेवलं आहे.