प्रकल्प संपला? आता गप्प बसा!

गेल्या शनिवारी लेकीच्या प्रगतिपुस्तकावर सही करायला शाळेत गेले होते. जिन्याखाली रद्दीचा गठ्ठा सुतळीने बांधून ठेवलेला. त्यातून ओळखीचं अक्षर डोकावत होतं: 'पाणी वाचवा', इयत्ता सहावी. आमच्याच घरातलं अक्षर ते! बाजूला पिण्याच्या पाण्याच्या नळांची रांग, आणि त्यातला तिसरा नळ टपटपतोय.

तेव्हा शिक्षकहो, पालकहो, प्रकल्प संपल्यावर त्यातलं शिकणं पुढे कसं न्यायचं, हे अनुभवाने सांगते. लिहून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे श्रेणी देऊन मोकळं व्हा. 2010 पासून आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात, 'प्रकल्प' हा रकाना आहे, तो भरला की सरकार खूश, बाई खूश, आपण खूश. मुलाने काय शोधलं हे वाचायला रकाना नाही. उगाच वाचू नका.

थर्माकोलवर 2018 मध्ये राज्याने बंदी आणली, त्यामुळे 'पर्यावरण वाचवा'चं मॉडेल आवर्जून थर्माकोलचंच करा. आणि रात्री साडेअकराला ते आईनेच चिकटवावं, सकाळी मुलाने नुसतं रिक्षात सांभाळून न्यावं.

फोटो मात्र काढा. पालकांच्या ग्रुपवर टाका. चाळीस अंगठे आले की शिक्षण पूर्ण झालं.

सगळ्यात महत्त्वाचं, मुलांनी जे शोधलं त्यावर काही करायचं नाही. आता हा तिसरा नळच घ्या. माझ्या लेकीने मधल्या सुट्टीत त्याच्याखाली लिटरची बाटली धरली. चाळीस मिनिटांत भरली. सुट्टी संपली तरी ही तिथेच उभी, म्हणून ओरडाही खाल्ला. घरी येऊन गुणाकार केला: दिवसाला 36 लिटर, वर्षाला 13,140. तो आकडा लाल स्केचपेनने तक्त्यावर लिहिला, खाली दोनदा रेघ मारली. प्रदर्शनाच्या दिवशी पाहुण्यांनी तक्ता पाहिला, 'वा, छान' म्हणाले आणि त्याच नळावर हात धुवून नाश्त्याला गेले! तक्त्यावर शेरा काय? 'अक्षर सुवाच्य. सजावट हवी.' सजावट! नळाला काय झालर लावायची होती?

मग तिने बाईंना विचारलं, आता नळ दुरुस्त होईल ना? बाई म्हणाल्या, "अगं, तो विषय झाला आता. पुढचा प्रकल्प सणांवर आहे."

इथे खरं तर मी उपरोधाने आणखी काही सांगणार होते. पण आता राहवत नाही, सरळच बोलते. अहो, वॉशर गेलाय हो त्या नळाचा! हार्डवेअरच्या दुकानात पाच-दहा रुपयांना मिळतो. 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींनी हातांनी काम करत शिकण्याचं सांगितलं, पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात 1983 पासून मुलं गावाला लागणारी कामं करत शिकताहेत, 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण अनुभवातून शिका म्हणून सांगतंय. आणि तुमच्या नाकासमोर एका पोरीने मोजून, मांडून दाखवलं, तर तुम्ही रद्दीवाल्याला बोलावलंत? तिच्या हातात पान्हा दिला असता, शिपाईकाकांना सोबत उभं केलं असतं, दुसऱ्या दिवशी तीच बाटली पुन्हा धरायला लावली असती, तर अर्ध्या तासाचं काम होतं. पुढच्या सहावीने उरलेले नळ मोजले असते. तेवढंही जमत नसेल, तर नका देऊ प्रकल्प. पोरांना खेळू द्या.

आणि पालकांनो, हसू नका. ग्रुपवरच्या त्या चाळीस अंगठ्यांत तुमचाही होता. माझाही होता.

तक्ता मी गठ्ठ्यातून ओढून काढलाय. कोपरा फाटला. वॉशर आणलाय, पर्समध्ये आहे. येत्या शनिवारी लेकीला घेऊन जाणार आहे. पान्हा कुणाकडे आहे का?