ताडोबाला पहिल्यांदाच निघालेल्यांसाठी

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की आम्हा नागपूरकरांकडे पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांची विचारणा सुरू होते. ताडोबाचे बुकिंग झालेले असते आणि प्रश्न ठरलेले असतात: कपडे कोणत्या रंगाचे घ्यायचे आणि कॅमेऱ्याला लेन्स कोणती लागेल? या दोन प्रश्नांवर जितका वेळ जातो, त्याच्या निम्मा जरी जंगल ऐकायचे कसे हे समजून घेण्यात घालवला, तर पहिली सफारी कितीतरी अधिक सार्थकी लागेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

रंगाचा मुद्दा आधी निकालात काढतो. भडक आणि पांढरे कपडे टाळावेत हे ठीकच आहे, पण या गोष्टीचे स्तोम फार माजले आहे. चितळ-सांबरांना तांबड्या आणि हिरव्या रंगांतला फरक आपल्यासारखा कळत नाही, त्यामुळे आपल्याला केशरी दिसणारा वाघ त्यांना झाडोऱ्यात मिसळून गेलेला हिरवट दिसतो. ती बिचकतात ती आवाजाने आणि हालचालीने. महागडे जाकीट घालून सफारीच्या उघड्या जिप्सी गाडीत उभे राहून ओरडणाऱ्यापेक्षा मातकट सदरा घालून गप्प बसणारा माणूस केव्हाही बरा. डिसेंबरच्या पहाटे उघड्या गाडीत हाडे गारठतात, म्हणून कानटोपी आणि शाल हवी. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो, म्हणून ओला दुपट्टा आणि भरपूर पाणी हवे. बुकिंगला दिलेले ओळखपत्र मूळ प्रतीत जवळ ठेवावे, मोबाइल आत नेता येत नाही हे मुलांना आधीच सांगून ठेवावे आणि पाठीचे दुखणे असलेल्यांनी मागच्या बाकावर बसू नये. सामानाचा विषय एवढ्यात संपतो.

खरी तयारी कानांची आहे. वाघ दिसण्याच्या कितीतरी आधी त्याची बातमी जंगलात फिरलेली असते, आणि तिलाच गाइड मंडळी ‘कॉल’ म्हणतात. चितळ तीक्ष्ण आवाजात ओरडते, वानर झाडाच्या शेंड्यावरून खाकरल्यासारखा आवाज काढते आणि सांबराचा कॉल भारदस्त, दूरवर घुमणारा असतो. तिन्हींची पत सारखी नसते. चितळ बिबट्यालाही ओरडते आणि कधी रानकुत्र्यांनाही. सांबर मात्र थांबून थांबून सलग ओरडत राहिले, तर गाइडची मान आपोआप त्या दिशेला वळते. अशा वेळी वाघ शोधण्याऐवजी चितळाकडे पाहावे. शेपटी ताठ उभी, पुढचा एक पाय जमिनीवर आपटणे चाललेले आणि कळपातल्या प्रत्येकाचे कान एकाच झुडपाकडे रोखलेले. ते झुडूप आपणही पाहत राहायचे. यासाठी साधी दुर्बीण पुरते. मोठ्या लेन्सशी झटापट करणाऱ्याच्या नजरेतून हे सगळे निसटते.

दुसरी गोष्ट जमिनीवर लिहिलेली असते. वाघाला मऊ धुळीचा रस्ता चालायला आवडतो, म्हणून त्याचे ठसे गाडीरस्त्यावरच सापडतात. ठसा टायरच्या खुणेवर उमटलेला असेल, तर वाघ गाडीनंतर गेला; टायरची खूण ठशावरून गेली असेल, तर आधी. एवढे कळले तरी गाइड गाडी थांबवून खाली वाकून काय पाहतो याचा उलगडा होतो आणि ‘इथे का थांबलो?’ हा वैतागलेला प्रश्न बंद होतो.

अपेक्षांबद्दल थोडे कडक बोलतो. 2022च्या गणनेत महाराष्ट्रात 444 वाघ नोंदले गेले आणि ताडोबात वाघ दिसण्याची शक्यता चांगली असते, हे मान्य. पण जंगलाच्या आतला गाभा क्षेत्राचा (कोअर) भागच सुमारे 625 चौरस किलोमीटरचे आहे आणि आपण त्यातल्या मोजक्या रस्त्यांवरून फिरतो. म्हणून एका सफारीवर सगळी भिस्त ठेवून येऊ नये. जमल्यास दोन-तीन घ्याव्यात, आणि त्यांतली एक बफरमधली, म्हणजे गाभ्याभोवतीच्या जंगलपट्ट्यातली असावी. बफर म्हणजे दुय्यम माल, हा समज चुकीचा आहे. मंगळवारी गाभा क्षेत्र बंद असते, पावसाळ्यात तर 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंदच, हे तिकिटे काढण्याआधी लक्षात घ्यावे. आणि गाडीत बसून ‘नरभक्षक कुठे आहे हो?’ अशी गंमत करू नये. मोहफुले आणि तेंदूपाने वेचायला गेलेली माणसे याच चंद्रपूर जिल्ह्यात वाघांच्या हल्ल्यात दगावतात, आणि आपला गाइड त्याच गावांतला असतो.

31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात जिप्सींनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची दोन्ही बाजूंनी वाट अडवली होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाइडांवर कारवाई झाली. ती योग्यच होती, पण वाघ अगदी जवळून दाखवला तर बक्षिसी वाढते, हे चालकांना शिकवले कोणी? आपणच. म्हणून गाडी फाटकातून आत शिरण्यापूर्वीच स्पष्ट सांगावे की, गर्दी असेल तिथे गाडी घुसवू नका, आम्हाला पक्षी आणि रानगवेही पाहायचे आहेत, आणि बक्षिसी वाघ दिसला काय, न दिसला काय, तेवढीच मिळेल. हे ऐकल्यावर चालक गाडीचा वेग कमी करतो आणि पाणवठ्यावर इंजिन बंद करून निवांत थांबायला तयार होतो.