पॅड अजून बसायचेत, साहेब

जुने ब्रेक पॅड पार झिजले तरी गाडी गप्प होती. नवे टाकले आणि तिला कंठ फुटला. आता सोसायटीच्या गेटपाशी वेग कमी केला की वॉचमन दचकून उभा राहतो. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला आपल्याकडे करुणेनं पाहतो, आणि गाडीच्या आवाजावरून रिक्षावाल्यानं करुणा दाखवावी यापरता अपमान नाही. गॅरेजला फोन करावा तर उत्तर ठरलेलं: "पॅड अजून बसायचेत, साहेब. पाचशे किलोमीटर चालवा."

हे उत्तर निम्मं खरं आहे, म्हणून तर ते इतकी वर्षं टिकलंय. नव्या पॅडच्या मसाल्याचा पातळ थर डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीवर, सगळीकडे सारखा चढावा लागतो. पण ट्रॅफिकमध्ये रखडत पाचशे किलोमीटर काढले म्हणजे तो चढतोच असं नाही. त्यासाठी रिकामा रस्ता आणि रिकामा आरसा हवा. ६० च्या वेगावरून १५ पर्यंत बेताच्या जोरानं ब्रेक लावायचा, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग घ्यायचा. असं आठ-दहा वेळा. नंतर पाच-दहा मिनिटं शक्यतो ब्रेकला न शिवता गाडी चालवून सगळं गार होऊ द्यायचं. तापलेला ब्रेक दाबून उभं राहिलं तर पॅडचा ठसा डिस्कवर एकाच जागी उमटतो आणि पुढे ब्रेक लावला की पायाखाली थरथर. असा रस्ता पुण्यात पहाटे पाचला मिळतो. मुंबईकरांनी आपापला मार्ग शोधावा.

एवढं करूनही किंकाळी राहिली, तर बसण्याची सबब संपली. पॅड डिस्कला क्षणभर धरतो, सुटतो, पुन्हा धरतो. हे सेकंदाला हजारो वेळा झालं की कानात शिरतो तो हा आवाज. फळ्यावर खडू किंचाळतो तोही असाच, आणि कोन बदलला की चूप होतो. तेव्हा पॅड कुठल्या कंपनीचा यापेक्षा तो जागेवर कसा धरलाय, हे आधी बघावं.

आणि नेमकं तिथेच आपण काटकसर करतो. पॅडसाठी ओरिजिनल की लोकल यावर घरात परिषद भरते. पण पॅडच्या कानांखालच्या (कान म्हणजे दोन्ही टोकांची बाहेर आलेली पत्री) स्टीलच्या क्लिपा मात्र जुन्याच, वाकलेल्या, पुन्हा ठोकून बसवल्या जातात. पाठीमागची शिम, म्हणजे कंप गिळणारी पातळ पत्री, जुन्या पॅडबरोबर भंगारात जाते. क्लिप काढून खालचा गंज तारेच्या ब्रशनं खरवडावा आणि नवी क्लिप लावावी. पॅड हातानं सरकला पाहिजे. हातोडी लागत असेल तर तो बसलेला नाही, अडकलाय.

आता ग्रीस. आपल्याकडे बऱ्याच गॅरेजमध्ये ग्रीसचा डबा एकच असतो. बेअरिंगला तेच, शटरला तेच, कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, ज्या पिनेवर सरकतो तिलाही तेच. साध्या ग्रीसनं पिनेचं रबर फुगतं, पिन जाम होते आणि दोनांतला एकच पॅड सगळं काम करत झिजतो. तिथे सिलिकॉनचं किंवा ब्रेकसाठीच बनवलेलं, उष्णता सोसणारं ग्रीस हवं. पॅडचे कान आणि पॅडला ढकलणारा पिस्टन टेकतो ती पाठ, इथे पातळ बोट फिरवलं की पुरे. पॅडच्या पुढच्या अंगाला कधीही नाही. आवाज जावा म्हणून डिस्कवर तेलाचे थेंब सोडणारे महाभागही आहेत. त्यांचा आवाज खरोखर जातो. ब्रेकही जातो. डिस्क नवी असेल तर तिच्यावर गंज लागू नये म्हणून कारखान्यातूनच तेल चोपडलेलं असतं. ते ब्रेक क्लीनरनं धुतल्याशिवाय पॅड लावू नयेत. जुनी असेल तर कडेला उभी धार पाहावी, नवा पॅड तिच्यावर चढतो. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, त्याखाली गेलेली डिस्क घासून सुधारत नाही.

"आवाज येतो" एवढंच मेकॅनिकला सांगू नका, कधी येतो ते सांगा. पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर झाली तर तो रात्रीचा गंज, त्याकडे काणाडोळा करावा. ब्रेक न लावताही बारीक आवाज चालू असेल तर डिस्कमागचा पत्रा काम करताना वाकलाय, नाहीतर त्यात खडा अडकलाय. पॅड झिजल्याची वर्दी देणारी पट्टी वाकून डिस्कला लागत असेल, तरी असंच होतं. थोडं चालवल्यावर एकाच चाकाची रिम जास्त तापली, तर पिन किंवा पिस्टन अडकलाय (तळहात जवळ न्या, लावू नका). आणि लोखंडावर लोखंड घासल्यासारखी घर्रर्र आली तर गाडी तिथेच उभी करा.

एवढं सगळं पुढच्या चाकांचं केल्यावर कळतं की आवाज मागून येतोय. बऱ्याच लहान गाड्यांना मागे डिस्कऐवजी अजून ड्रमच असतात, म्हणजे आतून ब्रेक लागणारे लोखंडी डबे, आणि हँडब्रेक त्यांच्यावरच चालतो. रिकाम्या मैदानात १० च्या वेगानं जाताना हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो हळूच ओढावा. किंकाळी आली, तर ड्रम उतरवा. आतली भुकटी हवेनं उडवू नका, क्लीनरनं ओली करून पुसा. ड्रमला आतून घासणारा लायनर चकाकत असेल तर त्यावर पॉलिश पेपर फिरवा आणि लायनरची लोखंडी कड मागच्या पत्र्यावर जिथे जिथे घासते, त्या जागांना तेच पिनेचं ग्रीस, नखभर. शटरच्या डब्यातलं नव्हे.