चार जीबीचा लॅपटॉप विकायच्या आधी

“हँग होते” म्हणून कपाटावर कापडात गुंडाळून ठेवलेले लॅपटॉप आमच्या भागात घरोघरी सापडतील. कोणी सोयाबीनच्या पैशातून पोरीच्या डिप्लोमासाठी घेतलेला, कोणाला पुण्यातल्या भावाने आपला जुना दिलेला. चार जीबी रॅम, प्रोसेसर इंटेलचा स्वस्तातला सेलेरॉन नाहीतर चौथ्या-पाचव्या पिढीचा आय-थ्री. तालुक्याच्या दुकानात नेला की उत्तर ठरलेलं, “याचं काई होत नाई आता, नवा घ्या.” नवा म्हणजे तीस-पस्तीस हजार. हमीभावाने विकला तरी चार क्विंटलच्या आसपास कापूस लागतो त्याला.

मला हे अजिबात पटत नाही, आणि का पटत नाही ते आज सविस्तर लिहिते. मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावच्या अभ्यासिकेत संध्याकाळी पोरापोरींसोबत बसते. पोलीस भरती, तलाठी, बँक, एमपीएससी, जो जमेल तो फॉर्म भरणारी ही पोरं. यांचं लॅपटॉपवरचं काम काय असतं? पीडीएफ वाचणं, क्लासचे व्हिडिओ पाहणं, नोट्स टाइप करणं, सराव परीक्षा देणं, फॉर्म भरणं. या कामाला चार जीबी भरपूर होते. लॅपटॉप कमी पडत नाही, त्याच्यावर नको ते ओझं टाकलेलं असतं. आणि सगळ्यात मोठं ओझं आहे ब्राउजरचं.

एका पोरीच्या लॅपटॉपचंच सांगते. सेलेरॉन, चार जीबी रॅम, ६४ जीबीची ईएमएमसी, म्हणजे स्वस्तातल्या लॅपटॉपमधली डिस्क. नुसता सुरू करून, काहीही न उघडता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन बटणा सोबत दाबल्या आणि टास्क मॅनेजर पाहिला. ३.८ जीबीपैकी २.९ जीबी आधीच भरलेली. ट्रायल संपलेला अँटिव्हायरस, वनड्राइव्ह, न विचारता मागे उघडून बसलेला ब्राउजर, प्रिंटर नसताना प्रिंटरचं सॉफ्टवेअर. मग तिने रोजच्यासारखं काम सुरू केलं. राज्यघटनेच्या नोट्सची तीनशे पानांची पीडीएफ ब्राउजरमध्ये. क्लासचा व्हिडिओ ब्राउजरमध्ये. व्हॉट्सअॅप ब्राउजरमध्ये. गुगल डॉक्सही ब्राउजरमध्येच. बघता बघता डिस्कच्या रकान्यात १०० टक्के आलं आणि माउसचा बाण जागेवर थांबला.

हे “हँग होणं” नेमकं काय असतं ते समजून घेतलं पाहिजे. आजचे ब्राउजर सुरक्षेसाठी जवळजवळ प्रत्येक टॅब आणि प्रत्येक वेबसाइट वेगळी चालवतात. एका साइटने दुसऱ्या साइटची माहिती चोरू नये म्हणून ते आवश्यकच आहे. पण त्याची किंमत रॅममध्ये, म्हणजे चालू कामाच्या तात्पुरत्या जागेत मोजावी लागते. रॅम भरली की विंडोज त्यातला भाग काढून डिस्कवर ठेवतं, लागला की परत आणतं. स्वस्तातल्या लॅपटॉपची ईएमएमसी किंवा जुन्याची फिरणारी हार्ड डिस्क रॅमच्या मानाने फार हळू. सगळा वेळ या ने-आणीतच जातो. प्रोसेसर बिचारा रिकामा बसलेला असतो आणि आपण म्हणतो प्रोसेसर जुना झाला.

म्हणून माझं पहिलं सांगणं, कामं ब्राउजरमधून बाहेर काढा. पीडीएफसाठी सुमात्रा पीडीएफ घ्या. फुकट आहे, काही एमबीचंच आहे, आणि मागच्या वेळी ज्या पानावर थांबलात तिथूनच पुढे उघडतं. अभ्यास करणाऱ्याला याहून जास्त काय लागते? व्हिडिओ फाइल असेल तर व्हीएलसी. साध्या नोट्ससाठी नोटपॅड सुद्धा चालतो, तक्ते-फॉर्मॅटिंग लागलं तर वर्डसारखं मोफत लिब्रेऑफिस. व्हॉट्सअॅप फोनवर आहेच, ते लॅपटॉपवर कशाला? त्या पोरीने एवढंच केलं. सोबत टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीतलं जवळपास सगळं बंद केलं आणि ट्रायलचा अँटिव्हायरस काढून टाकला. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आहे, तो पुरतो. आता तीच पीडीएफ ती एका बाजूला उघडते, दुसऱ्या बाजूला नोट्स लिहिते, आणि लॅपटॉप तोच आहे.

ब्राउजर लागतोच तिथे फायरफॉक्स वापरा आणि त्यात युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती थांबवणारं एक्स्टेन्शन (जोड-सॉफ्टवेअर) टाका. क्रोमने हे जुनं, पूर्ण ताकदीचं एक्स्टेन्शन बंद केलं, त्याचा हलका प्रकार तेवढा तिथे मिळतो. फायरफॉक्समध्ये पूर्ण चालतं. भरतीच्या जाहिराती देणाऱ्या साइट्स उघडून पाहा, चारही बाजूंनी हलणाऱ्या जाहिराती असतात. त्या थांबल्या की रॅम वाचते, बॅटरी वाचते आणि डेटाही वाचतो.

डेटाचं तर शहरातल्या माणसाला कळतच नाही. इथे फोनच्या हॉटस्पॉटवर सगळं चालतं. दिवसाचा दीड जीबी. लॅपटॉप जोडला, विंडोजने मागच्या मागे अपडेट उतरवायला सुरुवात केली, आणि क्लास सुरू व्हायच्या आत डेटा संपला. यावर एक सोपी सेटिंग आहे, ती कोणी सांगत नाही. वायफायच्या नावावर जाऊन त्याच्या गुणधर्मांत “मीटर्ड कनेक्शन” सुरू करा. मग बहुतेक मोठी अपडेट्स थांबतात. महिन्यातून एकदा तालुक्याला कोणाच्या वायफायवर बसून अपडेट करून घ्या, कारण सुरक्षेची अपडेट्स टाळायची नसतात.

एक गोष्ट मात्र करू नका, हात जोडून सांगते. “पीसी बूस्टर”, “रॅम क्लीनर”, “ड्रायव्हर अपडेटर” असं काहीही टाकू नका. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरला खुद्द मायक्रोसॉफ्टचाच पाठिंबा नाही. ही सॉफ्टवेअर स्वतःच स्टार्टअपमध्ये बसतात आणि असलेली रॅम खातात. दुसरं, दुकानातून “फुल व्हर्जन” करून दिलेलं विंडोज. ते क्रॅक करताना, म्हणजे परवाना न घेता चोरून चालू करताना, आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतात. ज्या फाइलला तुमचा पहारेकरी आत येऊ देत नाही, तिला तुम्ही स्वतः दार उघडून देता, आणि मग त्याच लॅपटॉपवर आधार, बँक, डीबीटीचा फॉर्म भरता. पोरांची कागदपत्रं अशा लॅपटॉपवर असतात याचा मला खरंच राग येतो.

आता मुख्य गोष्ट. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नेहमीची अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. जादा सुरक्षा अपडेट्सची सोय घेतली असेल तर ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. आणि विंडोज ११ अधिकृतपणे, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. म्हणजे भावाने दिलेला तो चौथ्या-पाचव्या पिढीचा आय-थ्री मायक्रोसॉफ्टच्या हिशोबाने संपला. माझ्या हिशोबाने नाही. त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाका, तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती. मिंट स्वतः किमान दोन जीबी रॅम सांगतं आणि चार जीबी असेल तर आरामात चालतं असं म्हणतं. सुरू झाल्यावर साधारण एक जीबीच्या आतबाहेर रॅम घेतं. खाली डावीकडे मेन्यू, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ, विंडोजवर हात बसलेल्या माणसाला नवं काही शिकावं लागत नाही. मिंटच्या २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट्स आहेत. आणि अपडेट कधी उतरवायचं ते तुम्ही ठरवता. दोन जीबीचाच लॅपटॉप असेल तर लुबुंटू किंवा अँटिएक्स पाहा, तेही लिनक्सचेच प्रकार. अँटिएक्स दिसायला साधं आहे, पण फार हलकं.

एक छोटी भर सांगते, जिचा फायदा चार जीबीत लगेच दिसतो. झेडरॅम. रॅममधला न लागणारा भाग डिस्कवर टाकण्याऐवजी रॅममध्येच दाबून, घडी घालून ठेवायचा. डिस्कची ने-आण वाचते. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये हीच युक्ती असते. मिंटमध्ये सॉफ्टवेअर मॅनेजर उघडून झेडरॅम-कॉन्फिग शोधा, इन्स्टॉल करा, लॅपटॉप बंद-चालू करा. झालं.

जुन्या आय-थ्रीवर यूट्यूब अडखळतं त्याचंही कारण आहे. यूट्यूब आता व्हिडिओ व्हीपी-नाइन किंवा एव्ही-वन या प्रकारात पाठवतं आणि ते उलगडणारा भाग जुन्या चिपमध्ये नसतो, म्हणून सगळा भार प्रोसेसरवर येतो. एच-२६४-इफाय नावाचं छोटं एक्स्टेन्शन यूट्यूबला जुन्या एच-२६४ प्रकारातच व्हिडिओ द्यायला लावतं, तो जुनी चिप सहज उलगडते. व्हिडिओ ४८० वर ठेवा. फळ्यावरचं अक्षर तेवढ्यात नीट वाचता येतं.

मराठी टायपिंगची भीती अनेकांना वाटते. मिंटमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी लेआउट जोडला की इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची ठरलेली कीबोर्ड मांडणी) तयार, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. फक्त मंगल फॉन्ट मायक्रोसॉफ्टचा आहे, तो मिंटमध्ये येत नाही, त्यामुळे दुसऱ्याने पाठवलेल्या फाइलच्या ओळी थोड्या सरकू शकतात. फाइल पाठवताना पीडीएफ करून पाठवा, प्रश्न मिटतो. नोट्ससाठी मुक्ता फॉन्ट टाकून घ्या, तो मोफत आहे आणि डोळ्यांना सुखाचा आहे.

सगळ्यांनी लिनक्सवरच या असं मी म्हणणार नाही. सेवा केंद्र चालवणाऱ्या भावांनी विंडोजच ठेवावं, कारण बहुतेक बोटाचे ठसे घेणाऱ्या मशीन आणि डिजिटल सहीच्या टोकनची सोय विंडोज धरूनच केलेली असते. टॅली शिकत असाल तरी विंडोजच. टायपिंगच्या परीक्षेची तयारी असेल तर संस्थेत ज्या सॉफ्टवेअरवर परीक्षा आहे त्यावरच हात बसवा. आणि ६४ जीबीच्या ईएमएमसीवर दोन्ही सोबत बसवायच्या नादी लागू नका, जागा पुरत नाही. तिथे एक काहीतरी ठरवा.

माझ्या मनातली सगळ्यात मोठी गोष्ट मात्र वेगळीच आहे. वादळवाऱ्यात लाईन गेली की थोड्या वेळाने टॉवरही जातो. ज्याचा सगळा अभ्यास नेटवर आहे त्याचा लॅपटॉप त्या क्षणी नुसता उजेड देतो. म्हणून अभ्यास लॅपटॉपच्या आत असला पाहिजे. किविक्स नावाचं सॉफ्टवेअर पूर्ण विकिपीडिया एका फाइलमध्ये देतं. इंग्रजी चित्रांसकट १०० जीबीच्या आसपास जातो, पण मराठी विकिपीडिया पेनड्राइव्हमध्ये सहज मावतो. पोरं आता “विदर्भातल्या नद्या”, “संविधान सभा” असं शोधतात आणि नेट नसताना पान उघडतं. शाळेसाठी कोलिब्री आहे, नेटशिवाय धडे दाखवणारं सॉफ्टवेअर. एका लॅपटॉपवर टाकलं की तोच सर्व्हर होतो, बाकीचे फोन-लॅपटॉप वायफायने त्याला जोडायचे, इंटरनेटची गरजच नाही. एकदा चांगल्या नेटवर धडे उतरवून घेतले की वर्गात वर्षभर वापरा.

जिल्हा परिषदेच्या शाळांत, ग्रामपंचायतींत जुने कॉम्प्युटर प्लास्टिकखाली झाकून ठेवलेले दिसतात. नवीन कधी येतील याची वाट पाहत मुलांची वर्षं जातात. माझं सरपंच आणि मुख्याध्यापकांना मनापासून सांगणं आहे, निर्लेखनाचा, म्हणजे भंगारात काढायचा ठराव घ्यायच्या आधी एका मशीनवर मिंट आणि कोलिब्री टाकून पाहा. त्यात फिरणारी हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क बसवा. हा एकच खर्च मी करायला सांगते, कारण त्याचा फरक पहिल्याच दिवशी दिसतो.

आणि उन्हाळ्याचं विसरू नका. पारा ४५ ला टेकला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करतो. मे महिन्यात दुपारी जो लॅपटॉप रडतो तोच रात्री नीट चालतो, ते यामुळे. गादीवर ठेवून वापरू नका, खालची जाळी मोकळी राहू द्या. आमच्याकडे वेचणीच्या दिवसांत घरातच कापूस भरलेला असतो, त्याचे तंतू पंख्याच्या लॅपटॉपमध्ये जाऊन बसतात. वर्षातून एकदा मागचं झाकण उघडून पंखा साफ करून घ्या. मिंटवर टीएलपी हे वीज वाचवणारं सॉफ्टवेअर टाकलं तर बॅटरीही जास्त टिकते.

मिंटची फाइल तीन जीबीच्या आसपास आहे, दीड जीबीच्या डेटात दोन दिवस जातात, म्हणून प्रत्येकाने वेगळी उतरवू नका. माझ्याकडे व्हेंटॉयचा (एकाच पेनड्राइव्हवरून अनेक सिस्टिम चालू करता येतात असा) पेनड्राइव्ह आहे, त्यात मिंट, लुबुंटू आणि अँटिएक्स तिन्ही आहेत. ३२ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह आणि चार्जर घेऊन संध्याकाळी सहानंतर अभ्यासिकेत या. इन्स्टॉल न करता आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहू, वायफाय, आवाज, कॅमेरा सगळं चालते का ते बघू, मगच ठरवू. फोटो, मार्कशीट, जातीचा दाखला, जे काही लॅपटॉपमध्ये असेल ते येण्याआधी दुसरीकडे कॉपी करून ठेवा, कारण पूर्ण डिस्कवर एकदा इन्स्टॉल केलं की तिच्यावरचं जुनं सगळं पुसलं जातं.