काकूंची रांग

यंदा इथे अमेरिकेत आमच्या मंडळाच्या गणपतीला मोदकांच्या टेबलावर होतो. (वळता येत नाहीत, माझ्याकडे केळीची पानं पुसायचं खातं.) पारी करता करता एक काकू म्हणाल्या, "बॉर्डरवरून घुसतात त्यांना हाकललंच पाहिजे. आपण कसे रीतसर रांगेत उभे राहून आलो!" चार-पाच माना हलल्या. सवयीने माझीही हलली असावी.

घरी येताना लाज वाटली. कारण त्या रांगेचं रडगाणं माझ्याइतकं कुणी गायलं नसेल. माझी प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डाच्या (इथे कायम राहायच्या परवान्याच्या) रांगेत नाव लागल्याची तारीख, 2015 ची. कोणत्या तारखेपर्यंतच्यांचा नंबर आला ते सांगणारं सरकारचं मासिक पत्रक, व्हिसा बुलेटिन, आमच्याकडे पंचांगासारखं बघतात. डेट दोन आठवडे पुढे सरकली की श्रीखंड, मागे गेली की गप्प जेवण. नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण 1,40,000, त्यात बायकापोरंही मोजायची, आणि कुठल्याही एका देशाला मर्यादा 7 टक्क्यांची. म्हणजे भारताला आणि आइसलंडला कोटा सारखाच!

ही झाली माझी रांग. हॉलबाहेर गवत कापत होता तो ग्वाटेमालाचा. इथे नात्याचं कुणी नाही, पदवी नाही, कागद करून देणारा मालक नाही, अशा माणसाला उभं राहायला रांगच जवळपास नाही. मग त्याने मोडली कोणती?

"आम्ही त्यांच्यातले नाही" हे आपलं पालुपद जुनं आहे. पंजाबातून इथे आलेला भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता. तेव्हा बाहेरून आलेल्यांपैकी नागरिकत्व मिळायचं ते गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्यांना. आता थिंडची बाजू काय असावी? रंग बघून नागरिक ठरवणं चूक आहे, ही नव्हे. मी उच्चवर्णीय आर्य, म्हणून मीही गोराच, ही! जात घेऊन थेट सुप्रीम कोर्टात. 1923 मध्ये कोर्टाने सांगितलं, सामान्य माणूस तुला गोरा म्हणणार नाही. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती सदरलँड स्वतः इंग्लंडात जन्मलेले, लहानपणी इथे आलेले. या निकालानंतर आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचीही नागरिकत्वं काढून घेतली. थिंडला ते अखेर 1936 मध्ये मिळालं, आर्य म्हणून नाही, माजी सैनिक म्हणून.

हे वाचल्यापासून "आम्ही लीगल, आम्ही टॅक्स भरतो" म्हणताना जीभ अडखळते. (टॅक्स कागद नसलेलेही बरेच जण भरतात.) आणि सुट्टीत नाशिकला गेलो की परप्रांतीयांवर मीच तावातावाने बोलतो, तेही इथे कबूल करून टाकतो.

माझं म्हणणं एवढंच की आपला प्रश्न त्यांच्यापासून तोडून सुटत नाही. प्रयत्न झालाय. 2019 मध्ये नोकरीवरच्या कार्डांचा देशवार कोटा काढायचं बिल हाउसमध्ये (संसदेच्या खालच्या सभागृहात) 365 विरुद्ध 65 ने पास झालं. सिनेटने, म्हणजे वरच्या सभागृहाने, पुढच्या वर्षी वेगळंच रूप पास केलं, दोन्हींचा मेळ बसला नाही, संपलं. विरोध करणाऱ्यांत इतर देशांतून आलेले होते, आपली रांग लांबेल म्हणून. त्यांचंही काय चुकलं?

त्याआधी 2013 चं मोठं बिल आठवा. त्यात नोकरीवरचा देशवार कोटा जाणार होता आणि कागद नसलेल्यांना नागरिकत्वाची वाटही मिळणार होती. मी आणि तो गवत कापणारा, एकाच बिलात. सिनेटमध्ये 68 विरुद्ध 32 ने पास झालं. हाउसने मताला घेतलंच नाही.

पण त्याच बिलात भावंडांना बोलावण्याची कॅटेगरी बंद होणार होती. निघताना काकूंना सहज विचारलं, तुम्ही कशा आलात इकडे?

"अगं बाई, सांगितलं नाही का कधी? दादाने स्पॉन्सर केलं ना!" म्हणाल्या, आणि उरलेले सहा मोदक डब्यात भरून दिले. बिलाचं मी काही बोललो नाही.